आणणारी शीर, नेणारी शीर

मराठीत ‘शीर’ हा एकटा शब्द किती कामे करतो याची मोजदाद कुणीतरी एकदा करायला हवी. त्यासाठी कोश उघडण्याचीही गरज नाही. आमच्या गारगोटीच्या बाजारात कान उघडे ठेवून तासभर उभे राहिले तरी पुरे. कंबर धरून चालणारा माणूस सांगतो, ‘शीर दबलीय’. तिथे शीर म्हणजे मज्जातंतू. सलाईन लावायला आलेली नर्स म्हणते, ‘शीर सापडंना’. तिथे ती रक्त हृदयाकडे परत नेणारी वाहिनी. रात्री झोपेत पोटरीत गोळा आला की ‘शिरेवर शीर चढली’. तिथे तो स्नायू. आणि चांगला धडधाकट माणूस बोलता बोलता कोसळला की ‘डोक्याची शीर फुटली’. तिथे ती बहुतेक वेळा धमनी. याशिवाय ग्रामसभेत जे शिरा ताणून बोलतात त्यांच्या शिरा वेगळ्याच!

एरवी यात काही बिघडत नाही. बोलीला नेमकेपणाची घाई नसते. उरलेले काम संदर्भ करतो. पण कधीतरी अशी वेळ येते की एकाच शब्दाच्या पोटात दोन वेगळ्या वस्तू असतात, त्यांतली एक बंद करायची असते आणि दुसरी काहीही करून जपायची असते. आमच्या घरावर ती वेळ २०१८ च्या डिसेंबरात आली.

माझी थोरली बहीण – आम्ही तिला आक्का म्हणतो – गारगोटीपासून जवळच्याच एका गावात राहते. सकाळी गोठ्यात असताना ‘डोक्यात कायतरी फुटलं’ एवढे म्हणून ती खाली बसली. दुपारपर्यंत आम्ही पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात एका रुग्णालयात होतो. तपासण्या झाल्या. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मधल्या धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे भिंत फुगून फुग्यासारखी झाली होती, आणि तो फुगा फुटून मेंदूभोवतीच्या पातळ आवरणाखाली रक्त पसरले होते. रक्त तूर्त थांबले असले तरी पहिल्या चोवीस तासांत ते पुन्हा सुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, असे डॉक्टरांनी सांगितले. फुग्याचे तोंड रुंद होते, म्हणून कवटी उघडून चिमटा लावण्याचे ठरले.

रात्री संमतिपत्रकावर सह्या घेण्यापूर्वी डॉक्टरांनी दाजींना आणि मला बसवून घेतले. तरुण डॉक्टर, सीमाभागातले असावेत, शुद्ध आणि सावकाश मराठी बोलत होते. “मामा, ज्या शिरेला फुगा आलाय त्याच्या मानेवर चिमटा बसवायचा. पण तिथपर्यंत जाताना वाटेत दुसरी शीर आडवी येते. ती फार नाजूक असते. ती वाचवणं हे खरं अवघड काम. ती गेली तर आक्कांच्या बोलण्यावर परिणाम होऊ शकतो.”

दाजींनी माझ्याकडे पाहिले. “पाव्हणं, बंद करायची ती बी शीर आन् वाचवायची ती बी शीर. मग सही कशावर करायची?”

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. संमती द्यायची तर कशाला देतो आहोत हे कळायला नको काय? मी मराठीचा अध्यापक, शब्दांवर पोट भरणारा माणूस. शाळेत शरीरशास्त्राच्या धड्यात शिकलेले दोन शब्द मला आठवले: हृदयाकडून रक्त आणते ती ‘रोहिणी’, आणि हृदयाकडे परत नेते ती ‘नीला’. मराठी विश्वकोशानेही हेच शब्द वापरले आहेत. मी मोठ्या उत्साहाने ते सांगितले. दाजी म्हणाले, “ही तर पोरींची नावं झाली.” तशा वेळीही डॉक्टरांना हसू आवरले नाही.

रोहिणी आणि नीला हे शब्द परिभाषा-समितीच्या बैठकीत घडवलेले आहेत असे मला तेव्हा वाटत होते. पुढे सुश्रुतसंहिता चाळली तेव्हा शारीरस्थानात त्यांचे मूळ सापडले. तिथे सिरांचे रंगांवरून चार वर्ग केले आहेत: वात वाहणाऱ्या त्या अरुणा, पित्त वाहणाऱ्या त्या नीला, कफ वाहणाऱ्या त्या गौरी आणि रक्त वाहणाऱ्या त्या रोहिणी. हे वर्गीकरण आजच्या शरीरशास्त्राशी जुळत नाही. आपल्या परिभाषाकारांनी त्यातले दोन रंग उचलले आणि त्यांना नवा अर्थ दिला. शब्द देखणे आहेत आणि एका अर्थी खरेही, कारण उघड्या मेंदूवर धमनी तांबूस आणि शीर जांभळट-निळी दिसते. अडचण एवढीच की ते कोशात राहिले, गोठ्यापर्यंत आलेच नाहीत. ज्याला त्या शब्दांची गरज होती त्या माणसाला ते परक्या घरच्या लेकींसारखे वाटले.

मग डॉक्टरांनीच वेगळा मार्ग काढला. ते म्हणाले, “मामा, एक आणणारी शीर, एक नेणारी शीर. फुगा आणणारीला आलाय. जपायचं नेणारीला.”

दाजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे बंधाऱ्यागत. बरगं काढायच्या आत नदी आली की पाणी मागं फुगतंय आन् वरची रानं बुडत्यात. पाणी आणणाऱ्याचा दोष न्हाई, जायाला वाट न्हाई.”

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवे. पावसाळा सरला की नदीतल्या खांबांच्या खाचांत फळ्या बसवून पाणी अडवायचे, आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वी त्या काढून घ्यायच्या. या फळ्यांना बरगे म्हणतात. वेदगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला पाण्याचा फुगवटा कशाला म्हणतात हे शिकवावे लागत नाही. दाजींच्या तोंडून जे निघाले ते अलंकार म्हणून आले नव्हते. मेंदूतील नीलेला इजा झाल्यावर काय होते याचे ते जवळजवळ तंतोतंत वर्णन होते, हे मला पुढे वाचताना उमगले.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण सातवा हिस्सा तो एकटा घेतो. जेवढे येते तेवढे परतही गेले पाहिजे. परत नेणाऱ्या या शिरांच्या भिंती अतिशय पातळ असतात. स्नायूचा थर त्यांत जवळजवळ नसतो, आणि पायांतल्या शिरांत असतात तशा झडपाही नसतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून त्या काही ठिकाणी वरच्या जाड आवरणातील मोठ्या पन्हळींत शिरतात, तेव्हा मधल्या जागेत त्या पुलासारख्या टांगलेल्या असतात. मेंदू जरा जास्त बाजूला ओढला तर हा पूल ताणला जातो आणि तुटतो. धमनीला धक्का लागला तर ती तत्काळ कळवते. रक्ताची चिळकांडी उडते. शिरेचे तसे नाही. ती मिटली तर टेबलावर सर्व शांत दिसू शकते. मात्र आत येणारे रक्त येतच राहते, बाहेर जाण्याची वाट उरत नाही, तो भाग हळूहळू सुजतो, बारीक वाहिन्या फुटतात आणि काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनी, रुग्णाचा हात उचलत नाही किंवा शब्द निघत नाही. चिमटा अगदी अचूक बसलेला असतो आणि तरी माणूस हरवलेला असतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. तो प्रामुख्याने धमनीचा इतिहास आहे. हार्वी कुशिंग यांनी १९११ मध्ये चांदीचे बारीक चिमटे रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरात आणले. लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची रीत शोधली. वॉल्टर डँडी यांनी बाल्टिमोरला २३ मार्च १९३७ रोजी अशा फुग्याच्या मानेवर चिमटा लावला. त्या दिवसापासून ही शस्त्रक्रिया सुरू झाली असे मानतात. आपल्याकडे मेंदूशल्यचिकित्सेचा पहिला विभाग जेकब चंडी यांनी वेल्लोरला १९४९ मध्ये उभा केला. आज त्या शस्त्रक्रिया कोल्हापुरातही होतात. या सगळ्या टप्प्यांत शीर मात्र वाटेतली अडचण म्हणूनच येते. तिच्याकडे निवांत पाहता येऊ लागले ते सूक्ष्मदर्शक आल्यावर. गाझी याशारगिल हे तुर्की शल्यविशारद १९६५–६६ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटला डोनघी यांच्या प्रयोगशाळेत बारीक वाहिन्या शिवायला शिकले, आणि झुरिकला परतून १९६७ पासून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या शस्त्रक्रियेची एक नवी शिस्तच घातली. मेंदू ओढून, दाबून आत जायचे नाही. मेंदूत निसर्गानेच ठेवलेल्या ज्या फटी आहेत त्यांतून वाट काढायची, अशी ती शिस्त.

आक्काच्या बाबतीत जी फट उघडायची होती तिला सतराव्या शतकातील लायडनच्या सिल्व्हियस या वैद्याचे नाव आहे. मेंदूचा पुढचा खंड आणि कानाजवळचा खंड यांच्यामधली ही खोल भेग. तिच्या तळाशी मधली धमनी वाहते आणि तिच्या तोंडावर, कुंपणावर वेल पसरावा तशी, ती नाजूक शीर पसरलेली असते. साहित्याच्या माणसाला या ठिकाणी थांबावेसे वाटेल असे आणखी एक कारण आहे. डाव्या बाजूला या भेगेच्या दोन काठांवर बहुतेक माणसांची भाषा वसलेली असते. पुढच्या काठावरच्या इजेने बोलणे जाते हे पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये दाखवले, आणि मागच्या काठावरच्या इजेने बोललेले समजण्याची शक्ती जाते हे कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये मांडले. म्हणजे ज्या शिरेला आम्ही ‘नेणारी’ म्हणत होतो ती आक्काच्या शब्दांच्या वस्तीतलेच वापरलेले रक्त बाहेर नेत होती. शब्दांना रक्त पुरवणारी धमनी जितकी महत्त्वाची, तितकीच ही.

शस्त्रक्रिया सहा तास चालली. आक्का शुद्धीवर आल्यानंतर काही दिवसांनी डॉक्टरांनी तिच्या चित्रीकरणातील थोडा भाग मला संगणकावर दाखवला. रक्त पाहवत नाही अशा माणसांपैकी मी एक. पण तिथे रक्त फारसे नव्हतेच. पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पारदर्शक आवरण होते. त्याला ‘जालतानिका’ हे नाव का दिले असेल ते पाहताक्षणी कळले. त्याखाली जांभळट शीर संथ पडून होती. धमनी ठोक्याबरोबर हलते, शीर हलत नाही. डॉक्टर शिरेच्या पुढच्या अंगाने, तिला कानाकडच्या खंडाबरोबर राहू देत, बारीक पात्याने तो पडदा एकेक धागा करून कापत होते. मेंदूभोवतीचे पाणी हळूहळू बाहेर येऊ देत होते, म्हणजे मेंदू आपण होऊन सैल पडतो आणि ओढावा लागत नाही. सगळा वेळ ती जागा खारट पाण्याने ओली ठेवली जात होती, कारण शीर कोरडी पडली तर चिकटते आणि फाटते. जिथे शीर दोन्ही काठांना धरून आडवी होती तिथे त्यांनी तिला कापले नाही. तिच्यावरचा पडदा दूरवर सोडवून तिला थोडी ढील दिली आणि तिच्या बाजूने वाट काढली.

एके ठिकाणी शिरेतून रक्त पाझरू लागले. माझी अपेक्षा होती की आता काहीतरी घाईने केले जाईल, जाळून बंद केले जाईल. पण त्यांनी कापसाची इवलीशी चकती त्यावर ठेवली आणि ते थांबले. पडद्यावर कितीतरी वेळ काहीच घडत नव्हते. “जाळली तर रक्त लगेच थांबतं,” डॉक्टर म्हणाले, “पण शीरही जाते. थांबलं की बहुतेक वेळा ती आपली आपण भरून येते.” चिमटा लावायला प्रत्यक्षात मिनिटभर लागला असेल. बाकीचे तास तिथे पोचण्यात गेले होते, आणि त्यातले बरेचसे न तोडण्यात.

एक बारीक उपशाखा मात्र त्यांना बंद करावी लागली होती. ते सांगताना त्यांनी इंग्रजी शब्द वापरला, ‘सॅक्रिफाइस’. शल्यचिकित्सेच्या इंग्रजीत शीर मुद्दाम बंद करण्याला हाच शब्द रूढ आहे. मराठीत म्हणायचे तर ‘बळी दिला’. मला हा शब्दप्रयोग फार प्रामाणिक वाटला. ‘काढून टाकली’ म्हणताना ती वस्तू टाकाऊ असल्याचे आपण गृहीत धरतो. ‘बळी दिला’ म्हणताना ती जिवंत होती, उपयोगाची होती, आणि कशाच्या तरी बदल्यात ती गेली हे मान्य करतो. पुन्हा सुश्रुताची आठवण होते. त्याने सातशे सिरा सांगितल्या आणि त्यांपैकी अठ्ठ्याण्णवांवर शस्त्र चालवू नये असे बजावले: हातपायांत सोळा, धडात बत्तीस आणि मानेपासून वर पन्नास. सिरा वेधून रक्त कसे काढावे, ही कृती पुढच्या अध्यायात येते. कशाला हात लावायचा नाही हे आधी आणि हात कसा लावायचा हे नंतर, असा त्या पाठाचा क्रम आहे. त्याची शरीररचना आज मागे पडली. हा क्रम मागे पडलेला नाही. आणि निम्म्याहून अधिक अवेध्य सिरा त्याने मानेवरच्या भागात ठेवल्या हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

आक्काचे काय झाले? ती वाचली, उजव्या हातापायाला काही झाले नाही. पण सुमारे तीन आठवडे तिची नामे रुसली होती. क्रियापदे शाबूत होती. चहा हवा असला की ‘ते प्यायचं दे’, म्हशीला ‘ती बांधायची’, माझ्याकडे पाहून ‘हा शिकवतोय’. दाजींचे नाव तिने उभ्या आयुष्यात घेतले नव्हते, त्यामुळे तिथे मात्र तिची काहीच अडचण झाली नाही! बळी दिलेल्या त्या उपशाखेमुळे हे झाले, की आधीच्या रक्तस्रावामुळे, हे डॉक्टरांनाही निश्चित सांगता येत नव्हते. नामे एकेक करून परत आली, आधी गोठ्यातली, मग घरातली, मग माणसांची. आजही अडखळली की ती कामावरून वस्तू सांगते, आणि तिच्या त्या वर्णनांपुढे आमचे अनेक पारिभाषिक शब्द फिके पडतात.

गारगोटीतील मौनी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या मौनी महाराजांचा मठ वर पाटगावला आहे. आमच्या भागात मौनाला प्रतिष्ठा आहे. त्या तीन आठवड्यांत माझ्या मनात आले की मौन हे ज्याच्याजवळ शब्द आहेत त्याचेच असते. शब्द ओठांपर्यंत येत नाहीत आणि तरी आत काहीतरी सांगायचे आहे, अशा माणसाच्या गप्प बसण्याला आपण मौन म्हणू नये. त्यासाठी मराठीत ‘वाचा बसणे’ आहे, आणि त्या दोन शब्दांमधले अंतर कधीकधी एका पातळ भिंतीच्या शिरेएवढे असते.

हे सगळे पुढे कदाचित दुर्मीळ होईल. मांडीतून नळी घालून फुग्यात तारेची गुंडाळी भरण्याची रीत १९९० च्या दशकात आली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१४३ रुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय पाहणीत वर्षाअखेर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण गुंडाळीच्या गटात २३.७ टक्के आणि चिमट्याच्या गटात ३०.६ टक्के निघाले. तिथे कवटी उघडत नाहीत, त्यामुळे या शिरांच्या वाटेला जावे लागत नाही. तरी मधल्या धमनीवरचे फुगे त्या पाहणीत थोडे होते, आणि रुंद तोंडाच्या फुग्यांना आजही अनेकदा चिमटाच लावतात. तोवर ही भेग उघडणारा हात आणि ही शीर यांची गाठ पडत राहणार.

आणि तोवर कुठल्यातरी तालुक्याच्या गावाहून आलेला कुणीतरी रात्री अकरा वाजता एका कागदावर सही करत राहणार. तो कागद मी नंतर नीट वाचला. त्यातले मराठी इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेले होते. ‘रक्तवाहिनीस इजा’ एवढ्या दोन शब्दांत धमनी आणि शीर दोन्ही बसवल्या होत्या. आपण साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक अनुवादाच्या प्रश्नांवर चर्चासत्रे घेतो, कवितेतल्या एका शब्दासाठी हिरीरीने भांडतो, आणि ते योग्यच आहे. पण या कागदांकडे आपल्यापैकी कुणी पाहिले आहे काय? पदव्युत्तर वर्गाला अनुवादाचा प्रकल्प द्यायचा असेल तर जवळच्या रुग्णालयातले एक संमतिपत्रक मागून आणावे, शेजारी एखाद्या डॉक्टरला आणि एखाद्या शेतकऱ्याला बसवावे, आणि तिघांनाही कळेल अशी दहा वाक्ये लिहून दाखवावीत. आमच्या वर्गाने गेल्या वर्षी तसा प्रयत्न केला. ‘आणणारी’ आणि ‘नेणारी’ हे दोन शब्द मुलांनी न सांगता स्वीकारले. ‘बळी’वर मात्र दोन तास वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.